आधी रक्त थांबवा: लष्करात नर्सिंग असिस्टंटचं प्रशिक्षण सुरू करणाऱ्यांसाठी

बारावी सायन्स करून नर्सिंग असिस्टंटच्या भरतीत निघालेली पोरं लखनौच्या आर्मी मेडिकल कोअर सेंटर अँड कॉलेजला जाण्याआधी भेटायला येतात. प्रश्न ठरलेला असतो: कोणतं पुस्तक वाचू? पुस्तकापाशी कुणाचं फारसं अडत नाही, अडतं ते क्रमापाशी. सरावात मांडीतून रक्त वाहणारा 'जखमी' समोर ठेवला की कुणी बीपीचा पट्टा काढतं, कुणी सलाइनची सुई शोधतं, कुणी जखम पुसायला बसतं. यातलं प्रत्येक काम बरोबरच आहे, फक्त त्याची वेळ अजून आलेली नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. मांडीतली मुख्य धमनी फाटली तर तीन-चार मिनिटांत तो हातचा जाऊ शकतो, आणि तुमचा बीपीचा पट्टा गुंडाळून होईपर्यंत त्यातलं एक मिनिट संपलेलं असतं.

म्हणून हा लेख कामांच्या क्रमावर आहे. सेंटरमधले उस्ताद जे शिकवतील तेच अखेरचं. सुई, औषध, इंजेक्शन या गोष्टी शिकवून, तपासून, परवानगी मिळाल्याशिवाय हातात घ्यायच्या नाहीत.

टप्पा १: घरून निघण्याआधी

१. पळण्याचा सराव हळूहळू वाढवा. भरती झाली की बरीच पोरं सराव सोडतात आणि निघायच्या आठवड्यात एकदम दहा किलोमीटर पळतात. मग सेंटरमध्ये बूट घालून ड्रिल सुरू झाली की नडगी दुखायला लागते. एकाच ठिकाणी बोट ठेवल्यावर कळ येत असेल आणि ती विश्रांतीनंही जात नसेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. ते दुखणं लपवून पळत राहिलं की चिरेचं फ्रॅक्चर होतं आणि तुमची तुकडी पुढे निघून जाते.

२. बायोलॉजीचं सगळं पुस्तक नको. हृदय, रक्तवाहिन्या, फुप्फुसं आणि सांगाडा एवढं पक्कं करा. मग घरातल्या माणसांवर नाडी शोधा: मनगटात, मानेत, जांघेत, घोट्याच्या आत मागच्या बाजूला आणि पावलाच्या वर. पावलावरची नाडी पहिल्या दिवशी सापडत नाही. आठवडाभर रोज शोधली की बोटांना जागा कळते. निवांत बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि श्वास १२ ते २० असतात. श्वास मोजताना त्याला सांगू नका, सांगितलं की तो मुद्दाम श्वास घ्यायला लागतो.

३. हिंदी कानावर पडू द्या. हे किरकोळ वाटेल, पण मराठी पोरांची एक चूक इथूनच सुरू होते. हिंदीत 'दायाँ' म्हणजे उजवा. आपल्या कानाला तो 'डावा'सारखा ऐकू येतो. 'दायाँ पैर' ऐकून डाव्या पायाकडे हात गेलेला मी पाहिला आहे. जवान देशभरातून येतात आणि दुखणं हिंदीतच सांगतात: मोच म्हणजे मुरगळ, छाला म्हणजे फोड, दस्त म्हणजे जुलाब, जी मचलना म्हणजे मळमळ, साँस फूलना म्हणजे धाप. अशा पन्नासेक शब्दांची वही करा.

> तपासून घ्या: डोळे मिटून, घड्याळ न बघता, दहा सेकंदांत मनगटाची नाडी सापडते का? पळून आल्यावर, धाप लागलेली असताना, दुसऱ्याची नाडी मोजता येते का?

टप्पा २: आधी सैनिक

सुरुवातीचे महिने ड्रिल, पीटी, रायफल आणि फायरिंगचे असतात. 'आपण तर मेडिकलवाले, आपल्याला रायफल कशाला?' असं म्हणत काहीजण इथे ढिले पडतात. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारानं वैद्यकीय सैनिकाला स्वतःच्या आणि आपल्या ताब्यातल्या जखमींच्या रक्षणासाठी शस्त्र बाळगू दिलं आहे. पुढे जखमीची रायफल हातात घेऊन ती सुरक्षित करणं हे तुमचंच काम असणार. खाली पडलेल्या माणसाच्या शस्त्राची मॅगझिन काढून चेंबर रिकामा करता येत नसेल, तर तुम्ही त्याच्याजवळ जाणं सगळ्यांनाच धोक्याचं.

वर्गात झोप येते, कारण पहाटेपासून अंग मोडलेलं असतं. मागे उभं राहून ऐका. रात्री रोल कॉलनंतर दहा मिनिटं काढून दिवसभरात शिकलेली एकच कृती वहीत क्रमानं उतरवा. चित्रं, व्याख्या काही नको, फक्त आधी काय आणि मग काय.

> सावधान: सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी आहे असं सांगून डॉक्टरांना दाखवायला, जायची लाज बाळगू नका. पायाचा फोड, ताप, जुलाब लपवून परेडला उभं राहणाऱ्याला लखनौच्या मे-जूनमध्ये ऊन लागायला वेळ लागत नाही.

टप्पा ३: हात बसवणं

तांत्रिक प्रशिक्षण सुरू झालं की रोजचा सराव टूर्निकेटचा, म्हणजे हातपाय आवळून रक्त थांबवणाऱ्या, पिळायची दांडी असलेल्या पट्ट्याचा. त्यातल्या चुका इतक्या ठरलेल्या आहेत की कृती सविस्तर सांगतो.

१. गोळीबार चालू असेल आणि जखम नेमकी कुठे ते दिसत नसेल, तर कपड्यांवरूनच, हाताच्या किंवा पायाच्या जितक्या वर जाता येईल तितक्या वर बांधा. आडोशाला आल्यावर कपडा कापून जखम दिसली, की जखमेच्या ५ ते ८ सेंटिमीटर वर, थेट कातडीवर बांधा. गुडघा आणि कोपर ही सांध्याची जागा टाळा.

२. खिसा रिकामा आहे का बघा. खिशात मोबाइल किंवा मॅगझिन असेल तर पट्टा त्यावर ताणतो आणि धमनी मोकळीच राहते.

३. पट्ट्याची सगळी ढील हातानं ओढून घ्या. पट्ट्याखाली बोटांची टोकं जायला नकोत. दांडी फिरवायची ती यानंतर. दांडीला तीनाच्या वर वेढे लागत असतील तर ढील राहून गेली आहे.

४. रक्त थांबेपर्यंत दांडी फिरवा, खाचेत अडकवा, वरून पट्टी लावा.

५. टूर्निकेटच्या खालच्या बाजूची नाडी बघा. लागत असेल तर आणखी आवळा. तरीही लागत असेल तर पहिल्याला लागूनच वरच्या बाजूला दुसरं बांधा.

६. वेळ लिहा. पक्क्या शाईच्या मार्करनं, कारण रक्तानं ओल्या झालेल्या जागी बॉलपेन उमटत नाही.

सर्वांत वाईट चूक अर्धवट आवळण्याची. जखमी ओरडतो, आपला हात सैल पडतो. अशा वेळी कातडीजवळच्या शिरा बंद होतात पण खोलवरची धमनी चालूच राहते: रक्त पायात उतरतं, परत वर जात नाही आणि जखमेतून आधीपेक्षा जोरात येतं. अर्धं बांधलेलं टूर्निकेट न बांधलेल्यापेक्षा घातक. ते दुखणारच. दुखतंय याचा अर्थ चुकलंय असा नाही.

दुसरी चूक जुन्या शिकवणीतून आलेली: पायाला रक्त मिळावं म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी टूर्निकेट थोडं सैल करायचं. हे कधीही करू नका. प्रत्येक वेळी थोडं थोडं रक्त जातं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. दोन तासांच्या आत पाय गमावण्याची भीती फार कमी असते. टूर्निकेट काढून त्या जागी दाबपट्टी बांधायची की नाही, हा निर्णय जखमी शॉकमध्ये (रक्त कमी पडून शरीर कोसळायला लागणं) नसताना, जखमेवर लक्ष ठेवता येत असताना आणि शिकवलेल्या पद्धतीनंच घ्यायचा.

> तपासून घ्या: स्वतःच्या हाताला, एकाच हातानं, मिनिटाच्या आत बांधता येतं का? मग अंधारात. मग हातमोजे घालून. मग पळून आल्यावर लगेच.

सरावाचं टूर्निकेट वेगळं आणि पिशवीतलं वेगळं ठेवा. सारखं पिळून पट्टा आणि दांडी थकतात, आणि तुटतात ती नको त्या वेळी.

टप्पा ४: पिशवी

पिशवी ही सवयीची गोष्ट आहे. रक्त थांबवायचं सामान, म्हणजे टूर्निकेट, फर्स्ट फील्ड ड्रेसिंग (जखमेवर बांधायची पट्टी), शेल ड्रेसिंग (त्याहून मोठी), जखमेत भरायचं गॉज, सगळ्यात वर आणि दोन्ही हातांना सापडेल असं. त्याखाली श्वासाचं, त्याखाली बाकीचं. कात्री दोरीनं पिशवीला बांधा. मार्कर दोन ठेवा.

जवान स्वतःची फील्ड ड्रेसिंग कुठे ठेवतो हे तुमच्या तुकडीत सगळ्यांचं एकसारखं असायला हवं. जखमीवर आधी त्याच्या स्वतःच्या अंगावरचं सामान वापरायचं, तुमचं नंतर. नवखा पोरगा पहिल्याच जखमीवर आपली अर्धी पिशवी संपवतो आणि तिसऱ्याजवळ रिकाम्या हातानं पोहोचतो.

टप्पा ५: जखमीपाशी

१. *आधी थांबा.* गोळीबार चालू असताना जखमीकडे धावत सुटणारा मेडिक दुसरा जखमी होतो. ओरडून सांगा: सरकता येत असेल तर आडोशाला ये, स्वतःचं टूर्निकेट बांध. आडोसा मिळेपर्यंत तुमच्याकडून एकच उपचार शक्य आहे, तो म्हणजे टूर्निकेट. बाकी सगळं आडोशामागे.

२. *शस्त्र.* जखमी गोंधळलेला, बेशुद्ध होत असलेला किंवा मॉर्फिन (गुंगी आणणारं तीव्र वेदनाशामक) दिलेला असेल, तर त्याची रायफल, ग्रेनेड आणि रेडिओ काढून घ्या. नव्या पोरांकडून सर्वांत जास्त विसरली जाणारी पायरी हीच. भानावर नसलेला आपला माणूसही ट्रिगरवर बोट ठेवू शकतो.

३. *मोठा रक्तस्राव.* हातापायाला टूर्निकेट. जांघ, काख, मान इथे ते बसत नाही, तिथे जखम भरायची. बोट जखमेत घालून रक्त नेमकं कुठून येतंय ते शोधा. गॉजचं टोक त्या बिंदूवर टेकवा आणि एका बोटाचा दाब न सोडता दुसऱ्या बोटानं थर आत सारत जा, पोकळी गच्च भरेपर्यंत. मग दोन्ही हातांनी, कोपर सरळ ठेवून, शरीराचं वजन टाकून दाबा. रक्त गोठवणारं खास गॉज असेल तर किमान तीन मिनिटं, साधं असेल तर दहा मिनिटं. मध्येच उचलून बघायचा मोह होतोच. उचललं की धरलेली गुठळी सुटते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. छाती आणि पोटाच्या पोकळीत मात्र गॉज भरायचं नाही.

४. *श्वासाची वाट.* बोलतोय म्हणजे वाट मोकळी आहे. बेशुद्ध असेल तर हनुवटी उचला किंवा जबडा पुढे घ्या, तोंडात रक्त-दात असतील ते काढा, कुशीवर वळवा. जबडा फुटलेला माणूस शुद्धीवर असेल आणि पुढे वाकून बसला असेल तर त्याला तसाच बसू द्या. स्ट्रेचरवर झोपवायची घाई केली तर स्वतःच्याच रक्तानं तो गुदमरतो. उताणं झोपण्याचा हट्ट नियमाचा नसून आपल्या सवयीचा असतो.

५. *छाती.* मानेपासून बेंबीपर्यंत पुढून, मागून, दोन्ही काखांत बघा. आत गेलेली गोळी दिसते, बाहेर पडलेली पाठीत लपते. छातीला भोक असेल तर हवाबंद चेस्ट सील (कातडीला चिकटणारं झाकण) लावा, झडपवालं असेल तर उत्तम. सील लावल्यावर धाप वाढली, जखमी अस्वस्थ झाला, छातीची एक बाजू हलेनाशी झाली, तर आत हवा कोंडते आहे: सीलची एक कड उचलून हवा जाऊ द्या. सुई घालून हवा काढणं हे पुढचं कौशल्य आहे, ते शिकवल्यावरच.

६. *रक्ताभिसरण.* बांधलेलं प्रत्येक टूर्निकेट पुन्हा बघा. जखमीला उचललं, हलवलं की ते सैल पडतं. मनगटाची नाडी लागते का, माणूस नीट उत्तर देतो का, या दोन गोष्टींवरून शॉक ओळखा. तरुण जवानाचं बीपी बराच वेळ टिकून राहतं आणि मग एकदम कोसळतं, म्हणून चांगल्या आकड्यावर विसंबू नका. सलाइनही धडाधड सोडायचं नाही. रक्त पातळ होतं, दाब वाढून धरलेली गुठळी सुटते. रक्त गोठायला मदत करणारं ट्रानेक्झामिक ॲसिड जखम झाल्यापासून तीन तासांच्या आत द्यावं लागतं, त्यामुळे जखमेची वेळ डॉक्टरांना कळणं महत्त्वाचं.

७. *थंडी आणि डोकं.* गार पडलेल्या शरीरात रक्त नीट गोठत नाही, आणि रक्त गेलेला माणूस उन्हाळ्यातही गार पडतो. ओले कपडे काढा, खाली काहीतरी अंथरा, वरून गुंडाळा. टूर्निकेट मात्र झाकलं जाऊ नये. डोक्याला मार असेल तर बाहुल्या सारख्या आहेत का बघा. पूर्ण जागा आहे, हाकेला ओ देतो, कळ दिल्यावर हलतो, की काहीच नाही, हे दर काही मिनिटांनी नोंदवा.

यानंतर बाकीच्या जखमा, मोडलेली हाडं, वेदनाशामक. आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ ड्रेसिंगनं झाका. घुसलेली वस्तू उपसू नका, हलणार नाही अशी बांधा.

> सावधान: पाणी. जखमी पाणी मागतो आणि आपल्याकडे मरणाऱ्याला पाणी नाकारणं पाप वाटतं. पण बेशुद्ध किंवा पोटात जखम असलेल्याला तोंडानं काही देऊ नका. ओठ ओले करा, हात धरा, बोला.

एकापेक्षा जास्त जखमी असतील तर ओरडणारा थांबू शकतो. गप्प पडलेल्याकडे आधी जा. प्राधान्य जखमेवरून ठरतं. हुद्दा बघायचा नाही, आणि जखमी शत्रूचा असला तरी नियम तोच. जिनिव्हा करार तेच सांगतो.

टप्पा ६: सांगणं, लिहिणं, सोपवणं

जखमी तुमच्याकडून आरएपीत (पलटणीच्या प्राथमिक उपचार केंद्रात) आरएमओंकडे (पलटणीच्या डॉक्टरांकडे) जातो, तिथून मागे ॲडव्हान्स्ड ड्रेसिंग स्टेशनला, मग हॉस्पिटलला. प्रत्येक हातबदलात माहिती गळते. चार गोष्टी याच क्रमानं सांगा: कशानं लागलं, कुठे लागलं, आता अवस्था काय, तुम्ही काय केलं.

"साब, आयईडी ब्लास्ट, दस-तीस पर। दायाँ पैर घुटने के नीचे। नब्ज एक सौ तीस, साँस अट्ठाईस, होश में है। टूर्निकेट दस-पैंतीस पर, खून बंद, मॉर्फिन नहीं दिया।"

एवढंच. तो कसा पडला, कोण कोण होतं, ही गोष्ट नंतर. हे सगळं कार्डावर लिहून जखमीच्या अंगाला बांधा, कारण हेलिकॉप्टरच्या पात्यांखाली तुमचं बोलणं कुणाला ऐकू जात नाही. 'मॉर्फिन नहीं दिया' हेही सांगायचंच. न सांगितल्यामुळे दोनदा डोस गेला तर श्वास थांबतो.

सोपवून परत आलात की जेवणाआधी पिशवी भरा. हात थरथरत असतात, कुणाशी बोलावंसं वाटत नाही, अशा वेळी मोजून वस्तू भरण्याचं काम हातांना आधार देतं. मग सोबत्याशी किंवा आरएमओंशी बोला. रात्री झोप लागत नसेल तर तेही सांगा. ती सिक रिपोर्टला जाण्याजोगीच गोष्ट आहे.

टप्पा ७: गोळी न चालणारे दिवस

नोकरीतले बहुतेक दिवस असेच असतात, आणि जवान आजारी पडतात ते पाणी, ऊन आणि उंचीमुळे.

*पाणी.* क्लोरिनची मात्रा अंदाजानं ठरवू नका, हॉरॉक्सची पेटी त्यासाठीच असते. काळ्या कपात २ ग्रॅम ब्लीचिंग पावडरचं द्रावण करा. सहा पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी घेऊन त्यात द्रावणाचे अनुक्रमे एक ते सहा थेंब टाका, ढवळा, अर्धा तास थांबा, मग इंडिकेटरचे तीन थेंब. निळा रंग दाखवणारा पहिला कप जितकावा, त्याच्या दुप्पट ग्रॅम पावडर ४५५ लिटर पाण्याला. तिसरा कप निळा झाला तर ६ ग्रॅम. चूक होते ती अर्धा तास न थांबल्यानं आणि उघड्या राहून दम गेलेल्या पावडरीनं.

*ऊन.* पळताना जवान बरळायला लागला, चुकीच्या दिशेनं जायला लागला, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून धोका नाही असं मानू नका, कष्टानं झालेल्या उष्माघातात घाम चालू असू शकतो. आधी जागेवरच थंड करा, पाण्यात बसवून किंवा सतत पाणी ओतून वारा घालून. गाडी त्यानंतर. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही.

*उंची.* सैन्यात वर चढायचे टप्पे ठरलेले आहेत: ९,००० ते १२,००० फुटांवर सहा दिवस, १२,००० ते १५,००० वर चार, त्यापुढे आणखी चार. विश्रांतीतही धाप लागणं, खोकल्याबरोबर फेस येणं म्हणजे फुप्फुसात पाणी. तोल जाणं, असंबद्ध बोलणं म्हणजे मेंदूला सूज. दोन्हीवर पहिला उपाय खाली उतरवणं, आणि ऑक्सिजन. रात्र काढून सकाळी बघू, असं ठरवू नका. हिमदंशाला बर्फ चोळायचा नाही, शेकोटीजवळ धरायचं नाही. तो भाग पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात ठेवायचा.

इथे सर्वांत अवघड प्रसंग सुट्टीवरून परत आलेल्या जुन्या जवानाचा. गावाकडे महिनाभर राहून आलेला हवालदार म्हणतो, "मी तीन वर्षं वर काढलीत, मला सवय आहे." ती सवय सखल भागात उतरून राहिलं की जाते, आणि त्याला टप्पे पुन्हा करावेच लागतात. तुम्ही वयानं आणि हुद्द्यानं लहान असता. तरी शांतपणे, सगळ्यांसमोर नाही तर बाजूला घेऊन, त्याला सांगा की आज वर जायचं नाही, आणि त्याचं नाव तेव्हाच आरएमओंच्या कानावर घाला.